खंदकातली भाकर, खंदकातली नमाज

पावसाळ्यात परभणी-जिंतूर रस्त्यावरच्या झरीला उतरावे आणि एखाद्या शेताच्या बांधावरून चालून पाहावे. आमच्या मराठवाड्याची ही काळी माती उन्हाळ्यात अशी भेगाळते की भेगेत पाय जावा. मृगाचे दोन चांगले पाऊस झाले की तीच माती चपलेला गोळा धरते आणि पाऊल उचलेनासे होते. शेतकरी शेवटी चपला हातात घेऊन अनवाणी घर गाठतो. घरी येऊन पाय धुतो, कोरडे कपडे घालतो, चुलीपाशी बसून गरम भाकर खातो. दिवसभराचा चिखल तेवढ्याने विसरतो.

आता असे समजा की घरच नाही. त्याच चिखलात उभे राहायचे, त्यातच खायचे, त्यातच पाठ टेकायची, आणि हे एक-दोन दिवस नाही तर महिनोन्‌महिने. डोके वर काढले तर गोळी. खंदकातल्या सैनिकाचे जगणे असे होते. शाळेच्या पुस्तकात पहिल्या महायुद्धाचा धडा असतो. त्यात तारखा असतात, तह असतात, राजांची नावे असतात. पण एखादे मूल विचारते, “ते लोक तिथे जेवत काय होते? नमाज कुठे पढत होते?” तेव्हा आपल्याला उत्तर येत नाही. ते यायला हवे, कारण त्या खंदकांत आपले दख्खनी मुसलमानही होते.

मदिनेचा खंदक

मुसलमानाला खंदक हा शब्द परका नाही. हिजरी सन ५ मध्ये मक्केच्या कुरैशांनी आणि त्यांच्या साथीदार टोळ्यांनी मदिनेवर चाल केली, तेव्हा हजरत सलमान फारसी (रजि.) यांनी सल्ला दिला की शहराच्या मोकळ्या बाजूला खंदक खणावा. इराणात ही रीत होती, अरबांना ती नवी होती. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सल्ला मानला आणि स्वतः खणायला उतरले. सहाबांसोबत त्यांनी माती वाहिली.

हदीसच्या ग्रंथांत या दिवसांचे जे वर्णन आहे, त्यात लढाईपेक्षा जगण्याचे हाल जास्त आहेत. दिवस कडाक्याच्या थंडीचे होते. भूक अशी की पोटावर दगड बांधायची वेळ आली. हजरत जाबिर (रजि.) यांनी घरातले थोडे जव आणि एक लहानशी बकरी एवढ्यावर प्रेषितांना जेवायला बोलावले. प्रेषित खंदकावरच्या सगळ्यांना घेऊन गेले, आणि अल्लाहने त्या थोड्यात बरकत दिली. एके दिवशी शत्रूचा जोर एवढा होता की असरची नमाज राहून गेली आणि सूर्य मावळल्यावर ती अदा केली गेली. एका रात्री इतका गार वारा सुटला होता की शत्रूच्या तळाची खबर आणायला कोण जातो असे विचारले, तर कोणी उठेना. शेवटी प्रेषितांनी हजरत हुजैफा (रजि.) यांना नाव घेऊन पाठवले.

थंडी, भूक, जागरण आणि नमाजची काळजी. खंदकातल्या माणसाचे हे चार प्रश्न तेराशे वर्षांनंतरही तेच राहिले.

आपले लोक तिथे कसे पोहोचले?

त्या काळी परभणी जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. इंग्रजांनी संस्थानात ‘हैदराबाद कंटिंजंट’ नावाची फौज ठेवली होती. तिच्या छावण्या औरंगाबाद, जालना, मोमिनाबाद म्हणजे आजचे अंबाजोगाई, आणि हिंगोली इथे होत्या. हिंगोली १९९९ पर्यंत आपल्या परभणी जिल्ह्यातच होते. म्हणजे घोड्यावरचा फौजी सवार या भागाच्या ओळखीचा होता. पुढे १९०३ मध्ये ही फौज हिंदुस्थानी सैन्यात मिसळली गेली. तिच्या घोडदळातून २० वी डेक्कन हॉर्स, २९ वी लान्सर्स आणि ३० वी लान्सर्स या पलटणी राहिल्या. त्यांत दख्खनी मुसलमानांची भरती होत असे. युद्धात या तिन्ही पलटणी फ्रान्सला गेल्या.

दुसरी वाट मराठा पलटणींची. १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणींत मराठ्यांच्या तुकड्यांबरोबर दख्खनी मुसलमानांच्याही तुकड्या असत. त्या गेल्या मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये. एकाच पलटणीत, एकाच खंदकात सातारा-पुण्याकडचा मराठा आणि दख्खनी मुसलमान शेजारी शेजारी उभे होते.

निजाम मीर उस्मान अली खान यांनी २० वी डेक्कन हॉर्स आणि आपली हैदराबाद इम्पीरियल सर्व्हिस लान्सर्स यांच्या खर्चासाठी ६० लाख रुपये दिले. ही रक्कम इतिहासात नोंदली गेली. ज्यांच्यासाठी ती दिली, ते सवार काय खात होते आणि कसे झोपत होते, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही.

फ्रान्समधला एक दिवस

डेक्कन हॉर्सचे सवार १९१४ च्या ऑक्टोबरात फ्रान्सच्या मार्सेय बंदरात उतरले. घोडदळाचे लोक, पण घोडा दौडवायला जागाच नव्हती. दोन्ही बाजूंचे सैन्य जमिनीत शिरून बसले होते. त्यामुळे घोडे मागे बांधून सवारांनाही पाळीपाळीने पायदळासारखे खंदकात जावे लागले. डिसेंबर १९१४ मध्ये फेस्टुबर्ट-गिव्हांशीच्या लढाईत ते असेच पायी उतरले.

खंदक सरळ रेषेत खणत नसत, नागमोडी खणत. एका वळणात तोफगोळा फुटला तर पुढच्या वळणातले वाचावेत, हा हेतू. समोर वाळूच्या पोत्यांची भिंत. मागे मदतीची दुसरी ओळ, त्यामागे तिसरी, आणि त्यांना जोडणारे अरुंद चर. फ्लँडर्सच्या त्या सखल भागात दोन-तीन फूट खणले की पाणी लागे. हिवाळ्यात शिपाई गुडघाभर गार चिखलात उभे असत. हिंदुस्थानी सैन्य आले ते पातळ सुती खाकीत. गरम कपडे मागून आले.

सतत ओल्या बुटांत राहून पाय सुजत, बधिर होत, काळे पडत. काहींचे कापावे लागले. यावर उपाय एकच होता, रोज मोजे बदलणे आणि पायाला तेल चोळणे. अधिकारी आपल्या माणसांचे पाय स्वतः तपासू लागले. अंगावर उवा, त्याही कपड्यांच्या शिवणीत. शिपाई मेणबत्तीच्या ज्योतीवर शिवण फिरवून त्या जाळत. उंदीर तर माणसाला भीत नसत.

दिवसाचा क्रमही उलटा होता. पहाटे उजाडण्याआधी सगळे बंदूक घेऊन उभे राहत, कारण हल्ला बहुधा त्याच वेळी येई. उजाडल्यावर काही जण पहाऱ्यावर, बाकीचे जागा मिळेल तिथे डोळा लावत. संध्याकाळी पुन्हा सगळे उभे. खरे काम रात्री चाले. तारा दुरुस्त करणे, पोती भरणे, जखमींना मागे नेणे, मयत उचलणे. काही दिवस पुढच्या ओळीत काढले की मागे पाठवले जाई आणि तिथे पहिल्यांदा अंग धुवायला मिळे.

हलालची सोय आणि पाण्याची टंचाई

हिंदुस्थानी सैन्याचा शिधा वेगळा होता. आटा, डाळ, तूप, गूळ, मीठ, आणि हळद, मिरची, आले यांसारखा मसाला. मांसासाठी जिवंत बकऱ्या आणत. मुसलमानांसाठी हलाल आणि शिखांसाठी झटका, दोन्ही वेगवेगळ्या ठिकाणी होई. खंदकात चूल पेटवली तर धूर दिसून गोळे येत. म्हणून स्वयंपाक मागे होई आणि अंधार पडल्यावर रोट्या पुढे येत. पोहोचेपर्यंत त्या गार आणि कडक झालेल्या असत. तव्यावरून थेट ताटात पडणारी भाकर ज्याने खाल्ली आहे, त्यालाच त्या रोटीचे दुःख कळेल.

पायाखाली पाणीच पाणी, पण पिण्याचे पाणी डब्यांतून मागून येई. खंदकातले पाणी घाणीने आणि मृतदेहांनी नासलेले असे. अशा ठिकाणी वुजूसाठी पाणी कुठून आणायचे? तयम्मुमची सवलत, चामड्याच्या मोज्यांवर मसह करण्याची सवलत, बसून किंवा इशाऱ्याने नमाज पढण्याची सवलत आणि भीतीच्या वेळच्या नमाजची वेगळी रीत आपण मदरशात शिकतो. घरात नळाला पाणी असताना हे मसले पुस्तकी वाटतात. ते कोणासाठी आहेत, हे खंदकाकडे पाहिले की कळते.

१९१५ चा रमजान जुलै-ऑगस्टमध्ये आला. उत्तर फ्रान्समध्ये त्या दिवसांत सूर्य सोळा तास मावळत नाही. प्रवासात आणि लढाईत रोजा पुढे ढकलण्याची मुभा दीनमध्ये आहे, पण घरच्या सहरीची आणि इफ्तारची आठवण पुढे ढकलता येत नाही.

ती आठवण पत्रांतून घरी जाई. ज्याला लिहिता येत नसे, तो साथीदाराकडून लिहून घेई. पत्रे आधी इंग्रजांच्या तपासणी कचेरीत उघडली जात, हे शिपायांना माहीत होते. म्हणून काही जण स्वयंपाकघराच्या भाषेत लिहीत. काळी मिरी म्हणजे हिंदुस्थानी शिपाई, लाल मिरची म्हणजे गोरे. काळी मिरी किती संपली, किती उरली, एवढ्यावरून गावाकडच्यांनी समजून घ्यायचे. घरी लिफाफा फोडणाऱ्या आईला हे कळत असेल का? कळत असेल, तर तिची ती रात्र कशी गेली असेल?

सलमान पाकची लढाई

आता फ्रान्समधून इराककडे येऊ. सुरुवातीला ज्यांचे नाव घेतले त्या हजरत सलमान फारसी (रजि.) यांची मजार बगदादच्या खाली दिजला म्हणजे तैग्रिस नदीजवळ, सलमान पाक या गावी आहे. नोव्हेंबर १९१५ मध्ये इंग्रजी फौज बगदादकडे निघाली, तेव्हा तुर्कांनी नेमके इथेच खंदक खणले होते. इंग्रजांनी या लढाईला ‘टेसिफॉन’ हे जुने नाव चालवले. सलमान पाक हे नाव ऐकून मुसलमान शिपायांचे मन खचेल, अशी त्यांना भीती होती.

ती भीती निराधार नव्हती. तुर्कस्तानच्या सुलतानाला हिंदुस्थानातले मुसलमान खलीफा मानत. १९१४ च्या नोव्हेंबरात इस्तंबूलहून इंग्रजांविरुद्ध जिहादचा फतवा निघाला होता. इकडे निजामाने मुसलमानांना इंग्रजांशी एकनिष्ठ राहायला सांगितले होते. समोरच्या खंदकातून अजान ऐकू येते, आणि आपल्या हातात बंदूक आहे! कोणी कबूल केलेल्या नोकरीला जागले, कोणी पळून गेले. पोटासाठी पलटणीत गेलेल्या गरीब शिपायाला या पेचात टाकणारे लोक खंदकात नव्हते, ते फार दूर बसले होते. त्या शिपायांचा न्याय आज आपण करत बसू नये.

सलमान पाकला इंग्रजी फौजेला माघार घ्यावी लागली आणि ती दिजलाच्या वळणावरच्या कूत या गावी येऊन अडकली. ७ डिसेंबर १९१५ पासून तुर्कांनी वेढा आवळला. वेढ्यात १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी होत्या.

कूतची भूक

जानेवारी १९१६ मध्ये दिजला फुगली आणि पुढचे खंदक पाण्याखाली गेले. नदीवर पाणी भरायला जाणाऱ्या भिश्त्यांवर पलीकडून नेम धरून गोळ्या झाडल्या जात. मशक भरून परत येणे हीच रोजची लढाई होती. युद्धाच्या पुस्तकांत भिश्त्याला जागा मिळत नाही, पण त्याच्यावाचून खंदक एक दिवस टिकला नसता.

मग अन्न संपू लागले. गोऱ्या शिपायांना पांढरा पाव आणि घोड्याचे मांस मिळे. हिंदुस्थानी शिपाई कोंड्यासकट आटा खात, पण घोड्याच्या मांसाला हात लावत नसत. परिणाम असा झाला की गोऱ्यांना बेरीबेरी झाला आणि हिंदुस्थान्यांना स्कर्व्ही. हिरड्या सुजत, दात हलत, जखमा भरत नसत. ताज्या भाज्या आणि फळांतल्या ‘क’ जीवनसत्त्वाच्या अभावाने हा रोग होतो. शिपाई खंदकांजवळ उगवणारा रानपाला खुडून शिजवू लागले. आपल्याकडे पहिल्या पावसानंतर बायका तरोटा, घोळ, कुर्डू खुडतात, ती ओळख त्यांच्या हाताला होती. पण माती परकी होती, आणि तिथला काही पाला विषारी निघाला.

घोड्याच्या मांसाचा प्रश्न मुसलमानांपुरता नव्हता, हिंदू शिपाईही ते खात नव्हते. सेनापती टाउनशेंडने बिनतारी संदेशाने हिंदुस्थानातून धर्मगुरूंची परवानगी मागवली. दिल्लीच्या जामा मशिदीच्या इमामांनी परवानगी दिली, पंडितांनीही दिली. तरी बहुतेक जण तयार होईनात.

मसल्याच्या दृष्टीने पाहिले तर इमाम शाफई (रह.) यांच्या मते घोड्याचे मांस जायज आहे. इमाम अबू हनीफा (रह.) ते मक्रूह मानतात, आणि त्यांचेच दोन थोर शिष्य इमाम अबू यूसुफ व इमाम मुहम्मद (रह.) त्याला परवानगी देतात. शिवाय जीव जाण्याची वेळ आली तर कुरआनने हराम वस्तूचीही गरजेपुरती सूट दिली आहे. तरी शिपाई अडले कशाला? त्या वेढ्याच्या कहाण्यांत कारण नोंदलेले आहे. गावी परतल्यावर लोक काय म्हणतील? आपल्या घरात कोणी मुलगी देईल का?

वाचक बंधू-भगिनींनो, इथे आम्ही बराच वेळ थांबलो. इमामांची परवानगी हातात आहे, शरीअतची सूट आहे, समोर मरण आहे, आणि तरी माणूस घास उचलत नाही, कारण हजारो मैलांवरचे गाव त्याच्या ताटाकडे पाहत आहे! त्याच्या निग्रहाचे कौतुक वाटते. पण ज्या गावाची त्याला एवढी धास्ती होती, त्या गावाला आपण काय म्हणावे? अल्लाहने जिथे सवलत दिली, तिथे बिरादरीने दिली नाही. आजही आजारी माणसाने रोजा सोडला, विधवेने दुसरा निकाह केला, कोणी हुंड्याशिवाय आणि थाटाशिवाय लग्न केले, तर आपल्या जिभा अशाच चालतात. कूतच्या खंदकात बसलेले ते गाव अजून आपल्यातून गेलेले नाही.

एप्रिलच्या मध्याला हजारो शिपायांनी अखेर ते मांस खायला सुरुवात केली, पण उशीर झाला होता. शेवटच्या दिवसांत माणशी शिधा सव्वाशे ग्रॅमच्याही आत आला होता, म्हणजे दिवसाला एक लहान भाकर. विमानांतून पिठाची पोती टाकली गेली, दळण्यासाठी जात्याचे दगडसुद्धा टाकले गेले. एवढ्या तोंडांना ते पुरणार नव्हते. वेढा फोडण्याच्या प्रयत्नांत सुमारे २३ हजार माणसे मेली किंवा जखमी झाली. २९ एप्रिल १९१६ रोजी कूत शरण गेले. सुमारे १३ हजार माणसे कैद झाली. वाळवंटातल्या पायपिटीत आणि कैदेत त्यांतले हजारो संपले.

नावे आणि आकडे

या युद्धात सुमारे ७४ हजार हिंदुस्थानी सैनिक मेले. इंग्लंडमध्ये मरण पावलेल्या काही मुसलमान सैनिकांचे दफन वोकिंगच्या शाहजहान मशिदीजवळ झाले. भोपाळच्या शाहजहान बेगम यांच्या मदतीने १८८९ मध्ये ही मशीद उभी राहिली होती. फ्रान्समध्ये न्यू शापेलच्या स्मारकावर, ज्यांची कबर सापडत नाही अशा ४,७०० हून अधिक हिंदुस्थानी सैनिकांची नावे कोरलेली आहेत.

इराकमधल्यांच्या वाट्याला तेही आले नाही. बसऱ्याच्या स्मारकावर ४० हजारांवर मृतांची आठवण आहे. गोऱ्या शिपायांची नावे कोरली गेली. हिंदुस्थानी अधिकाऱ्यांचीही कोरली गेली. साध्या हिंदुस्थानी शिपायांचा मात्र पलटणीनुसार नुसता आकडा दिला गेला. या स्मारकांची देखभाल करणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनने २०२१ मध्ये हा भेदभाव मान्य करून माफी मागितली. शंभर वर्षे लागली.

माफी त्यांनी मागितली, शोध आपण घ्यायचा आहे. मराठवाड्यातल्या एखाद्या घरात, नानीच्या पेटीत, माळ्यावरच्या डब्यात जुने चांदीचे किंवा पितळी पदक पडलेले असू शकते. त्याची कड भिंगाखाली पाहावी. इंग्रजांच्या त्या पदकांच्या कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण बारीक अक्षरांत उमटवलेली असे. तळहातापेक्षा मोठी, नाव कोरलेली ब्राँझची चकती सापडली तर समजावे की त्या घरातला माणूस परत आला नाही. पदक मोडीत घालू नये. जुनी पत्रे आणि पेन्शनचे कागद उर्दूत असतील तर ज्याला वाचता येते त्याच्याकडून वाचून घ्यावेत. घरातल्या वडीलधाऱ्यांना आजच विचारावे, कारण ती आठवण त्यांच्याबरोबरच जाईल. कमिशनच्या संकेतस्थळावर नावाने आणि पलटणीने शोध घेता येतो, तो विनामूल्य आहे. महाविद्यालयात शिकणारी आपली मुले-मुली हे काम एका संध्याकाळी करू शकतात.

आणि त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर आता आपण देऊ शकतो. ते गार रोटी खात होते आणि कधी तीही मिळत नव्हती. दीनने दिलेल्या सवलती अशाच जागी उभ्या असलेल्या माणसांसाठी होत्या. पुढच्या पावसात झरीच्या बांधावर पाय रुतेल, तेव्हा चिडण्याआधी क्षणभर त्यांना आठवावे. घरी येऊन पाय धुवावेत, वुजू करावा, नमाज पढावी, आणि ज्यांना ना कोरडी जागा मिळाली, ना कबरीवर नाव, त्यांच्यासाठी हात उचलावेत. अल्लाह त्यांची मगफिरत करो आणि कोणत्याही आईच्या लेकराला पुन्हा असा खंदक न दाखवो. आमीन.